जाळीच्या खिडकीला स्पॅनिशमध्ये ‘मत्सर’ म्हणतात?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: स्पॅनिश लोक जाळीच्या खिडकीला ‘मत्सर’ म्हणतात, शब्द मूळचा अरबी, संशयी नवऱ्यांनी बायकांना कोंडायला ती खिडकी काढली आणि आपल्या कोंबड्याच्या फुलालाही तेच नाव आहे.

शब्द आहे ‘सेलोसीआ’. आघात ‘सी’वर; माद्रिदकडे सुरुवात ‘थे’ने होते. ‘सेलोसो’ म्हणजे मत्सरी, त्यावरून तो आला, एवढं खरं. स्पॅनिश अकादमीच्या कोशात मत्सर हा अर्थही आहे. पण रोजच्या बोलण्यात मत्सर म्हणजे ‘सेलोस’. सेलोसीआ म्हटलं की जाळीच. गवाक्ष म्हणताना गाईचा डोळा आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

अरबीचं म्हणाल तर कारागिरीत इस्लामी वास्तुकलेचा वाटा मोठा. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीतल्या संगमरवरी जाळ्या बघा. शब्द मात्र लॅटिनमार्गे ग्रीकमधून आलाय. अरबीत अशा लाकडी जाळीच्या खिडकीला मशरबिया म्हणतात.

आता बायकांना कोंडण्याचं. पडदा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कोशातली व्याख्या नवरा-बायकोबद्दल बोलतच नाही: आतल्याला बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतला माणूस दिसू नये, एवढंच. ख्रिस्ती मठातल्या जोगिणी अशाच जाळीआडून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकत. तिथे कुठला नवरा? आणि ही सगळी करामत उजेडाची. दुपारी रस्ता लख्ख आणि खोली अंधारी, म्हणून बाहेरून नुसत्या पट्ट्या दिसतात. रात्री आत दिवा लावा, डाव उलटतो: रस्त्यावरच्याला जाळीतून अख्खी खोली दिसते. आमच्या जिन्यातल्या सिमेंटच्या जाळीतून चौथ्या मजल्यावर कोण चढतंय ते संध्याकाळी खालच्या वाण्याला बसल्या जागी कळतं.

फुलाचा मुद्दा तर साफ चुकीचा. कोंबडा आणि पावसाळ्यात भाजीला येणारा कुर्डू यांचं शास्त्रीय नाव सेलोसिया, पण ते ‘जळता’ अशा अर्थाच्या वेगळ्याच ग्रीक शब्दावरून पडलं. मत्सराचा तिथे वाराही नाही.

आणि हा शब्द जुन्या वाड्यांपुरताही नाही. भिंतीत बसवायच्या जाळीच्या ब्लॉकला स्पॅनिश गवंडी सेलोसीआच म्हणतो. शेडच्या छपराखालचा, पट्ट्यांच्या त्रिकोणांचा लोखंडी ट्रस म्हणजे ‘बीगा एन सेलोसीआ’; बीगा म्हणजे तुळई. मजकूर लिहिणाऱ्याने त्याचं भाषांतर बहुधा ‘मत्सरग्रस्त तुळई’ केलं असतं.