ताप रात्री येतो

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. लीड्सला येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी सकाळी पहिली बातमी बेळगावचीच वाचते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवलं आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. तेव्हापासून गावाकडच्या ग्रुपवर एकच वाद: कार्ड कुणाचं चालणार? वाद खोटा नाही. कार्ड नसेल तर केमोसाठी घरातलं सोनं गहाण पडतं, आमच्याकडेही पडलं. पण कार्ड दवाखान्याच्या दारापर्यंत नेतं. पुढचे महिने बाई स्वतःच्या घरात काढते, त्याबद्दल कुणी भांडत नाही.

मला स्तनाचा कर्करोग २०१९ मध्ये झाला, वहिनीला गेल्या वर्षी. औषधं बरीचशी सारखीच होती.

माझ्या पहिल्या केमोआधी नर्सने तासभर बसवून समजावलं. घरात थर्मामीटर ठेवा. ताप ३८ अंशांवर, म्हणजे आपल्याकडच्या १००.४ वर गेला की या नंबरला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊ नका, त्याने ताप झाकला जातो. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हा साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो.

वहिनीला दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री कणकण आली. "वन्सं, एवढ्या रात्री कुणाला उठवायचं? अशक्तपणा असेल म्हटलं, गोळी घेऊन पडले." सकाळी बेळगावला नेईपर्यंत ती ग्लानीत होती. वाचली. तिच्या पिशवीतल्या कागदावर तापाबद्दल एक ओळ होती, इंग्रजीत. वहिनी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, ही आपली जुनी मागणी. उतारा मराठीत मागतो, परिपत्रकं मराठीत मागतो. मग हा कागद का मागत नाही? आणि शेजारच्या कन्नड बाईलाही तो इंग्रजी कागद वाचता येत नाही. तिच्यासाठी तो कन्नडमध्ये मागा. त्याने सीमेची लढाई सौम्य होत नाही.

इथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या पंजाबी आजींना फोनवरून दुभाषा मिळायचा, फुकट. पण इथलं सगळंच गोड मानू नये. उपचार संपल्यावर वर्षातून एकदा मॅमोग्राफी, आणि एरवी काही वाटलं तर तुम्हीच फोन करायचा. नवी गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, दम लागणं, काय ओळखायचं ते शिकवून सोडून देतात. पहिले सहा महिने मला टाकून दिल्यासारखं वाटलं. केमोला बसने एकटी जायचे, एकटी यायचे. वहिनीच्या दारात मात्र रोज कुणीतरी पेजेचं भांडं घेऊन उभं असायचं. ती माणसं मला इथे कुठल्याही योजनेत मिळाली नसती.

त्याच माणसांनी तिला "आता बरी दिसतेस" म्हणत रोपलावणीला बोलावलं, आणि ती गेली. काखेतल्या गाठी काढलेल्या, त्याच हाताला गवत कापताना विळा लागला. आठ दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. त्यांचाही दोष नाही. अशा हाताला जखम होऊ देऊ नये, सूज दिसली की लगेच दाखवावं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कर्करोग परत येऊ नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळीही तिने दोन महिन्यांत थांबवली होती. ती गोळी निदान पाच वर्षं घ्यायची असते, हे तिला माझ्याकडून कळलं, तेही व्हिडिओ कॉलवर सहज विषय निघाला म्हणून.

पुढचं निवेदन लिहाल तेव्हा त्यात दोन पानांची मागणी घाला, मराठीत आणि कन्नडमध्ये, प्रत्येक केमोच्या बाईच्या हातात पडतील अशी. ताप किती झाला की निघायचं. कुठल्या हाताला जपायचं. कुठली गोळी किती वर्षं. आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर.