‘व्हॅल्यू वाचा आणि अनलोड करा’ : एक अपुरा सल्ला

एक्सेलमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) शिकणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो : यूजरफॉर्मवरच्या (आपण बनवलेल्या खिडकीवरच्या) लिस्टबॉक्सची, म्हणजे निवडीच्या यादीची, ‘व्हॅल्यू’ वाचावी, मध्येच आपोआप चालणारा कोड ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स’ फॉल्स करून थोपवावा आणि ओके बटणाच्या कोडमध्ये ‘अनलोड मी’ (फॉर्म मेमरीतून काढून टाकण्याची आज्ञा) लिहून मोकळे व्हावे. यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या दोहोंवर विसंबता येत नाही.

यादीतून एकच ओळ निवडता येत असेल आणि ती निवडलेली असेल, तर व्हॅल्यू वाचणे बरोबरच आहे. काहीच निवडलेले नसेल तर मात्र व्हॅल्यू नल (म्हणजे कुठलेच मूल्य नाही) असते आणि ती स्ट्रिंग, म्हणजे मजकुराच्या, व्हेरिएबलमध्ये टाकताच एरर ९४ (नलचा अवैध वापर) येतो. म्हणून लिस्टइंडेक्स (ओळीचा ० पासून मोजलेला क्रमांक) उणे १ आहे का, हे आधी तपासावे. मल्टीसिलेक्ट (एकाहून जास्त ओळी निवडण्याची सोय) चालू केल्यावर तर व्हॅल्यू कायमच नल असते. तेव्हा पुष्कळजण लिस्टइंडेक्सकडे वळतात, पण तो निवड सांगत नाही, फोकस कुठल्या ओळीवर आहे तेवढेच सांगतो. समजा, यादीत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर अशी नावे आहेत. वापरणाऱ्याने पुणे आणि सांगली निवडले आणि विचार बदलून सांगलीवर पुन्हा क्लिक करून ती निवड काढली, तरी लिस्टइंडेक्स २ म्हणजे सांगलीच दाखवतो. खरे उत्तर हवे असेल तर ० पासून ‘लिस्टकाउंट वजा १’ पर्यंत लूप फिरवून प्रत्येक ओळीचे ‘सिलेक्टेड’ पाहावे लागते. शिवाय अशा यादीत क्लिक इव्हेंट (कोड आपोआप चालवणारी घटना) येत नाही, चेंज येतो.

एनेबलइव्हेंट्सचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ही सोय वर्कबुक आणि शीटच्या इव्हेंटसाठी आहे. फॉर्मवरची कंट्रोल्स तिला जुमानत नाहीत. कोडमधून लिस्टइंडेक्स बदलला की क्लिकचा कोड चालणारच. तो थोपवायचा तर फॉर्मच्या मॉड्यूलमध्ये एक बुलियन (ट्रू किंवा फॉल्स असे) व्हेरिएबल ठेवून इव्हेंटच्या सुरुवातीलाच ते तपासावे.

सर्वांत जास्त घोळ ‘अनलोड मी’ घालते. ओके दाबल्यावर फॉर्म अनलोड झाला आणि त्यानंतर मूळ मॅक्रोने ‘यूजरफॉर्म१.लिस्टबॉक्स१’ वाचले, तर व्हीबीए मुकाट्याने नवा फॉर्म तयार करते, त्याचा इनिशियलाइझ (फॉर्म तयार होतानाचा) कोड पुन्हा चालतो आणि हाती निवड नसलेली कोरी यादी येते. फॉर्म अनलोड झाल्याचा एररही येत नाही, त्यामुळे दोष शोधणाऱ्याचा दिवस जातो. त्याऐवजी ओकेच्या कोडमध्ये ‘मी.हाइड’ (फॉर्म फक्त लपवणारी आज्ञा) लिहावे, मूळ मॅक्रोने निवड वाचावी आणि अनलोड त्यानेच करावे. कोपऱ्यातल्या फुलीचा बंदोबस्त क्वेरीक्लोज या फॉर्म बंद होण्याआधीच्या इव्हेंटमध्ये होतो : क्लोजमोड ० (म्हणजे फुली दाबलेली) असल्यास त्या इव्हेंटचे कॅन्सल ट्रू करून ‘रद्द केले’ अशी खूण ठेवावी आणि फॉर्म लपवावा. रद्द बटणाची कॅन्सल प्रॉपर्टी ट्रू ठेवली की एस्केप दाबल्यावरही त्याच बटणाचा क्लिक कोड चालतो. तिथे वेगळे काही लिहावे लागत नाही.