‘औषध लागू पडेल का?’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तर जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिपॅटायटिसच्या नव्या गोळ्यांनी जवळपास सगळेच बरे होतात, मग कोणाला गुण येईल याचे अंदाज बांधून रुग्णाला घाबरवायचं कशाला? आणि अंदाज चुकतातच, तरी तुमच्या मावसभावाची हिपॅटायटिस बी साठीची इंटरफेरॉनची (प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं बाराव्या आठवड्यात बंद केली.

हिपॅटायटिस सी पुरतं पहिलं म्हणणं बरंचसं मान्य. २००९ मध्ये इंटरफेरॉनचा गुण कोणाला येईल याचा अंदाज देणारा, माणसाच्या आयएल२८बी जनुकाजवळचा फरक सापडला तेव्हा केवढा गाजावाजा झाला! जीनोटाइप १ (विषाणूचा एक उपप्रकार) मध्ये ४८ आठवडे इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन निम्म्याच्या आसपास लोक बरे व्हायचे, त्यामुळे आधीच काही कळणं मोलाचं होतं. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर हे नव्या गोळ्यांमधलं औषध आलं आणि पुढे ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होऊ लागले. आता तो जनुक कोणी विचारत नाही. जीनोटाइप ३, सोबत सिरोसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) आणि आधी फसलेला उपचार असं जुळून आलं, तर मात्र अजूनही जपून पावलं टाकावी लागतात.

पण तुम्ही बी आणि सी एकाच दावणीला बांधलेत. सी चा विषाणू उपचारानंतर १२ आठवड्यांनी रक्तात सापडला नाही, की रुग्ण बरा. बी चा सीसीसीडीएनए (विषाणूच्या जनुकांचा टिकाऊ साठा) लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. एन्टेकाविर किंवा टेनोफोविरच्या गोळ्या विषाणू दाबून ठेवतात, पण एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं रक्तात सापडणारं प्रथिन) निगेटिव्ह होणारे अगदी थोडे. ठरावीक मुदतीत औषधं संपवायची आशा असते ती इंटरफेरॉनवर, आणि अंदाजाची गरज आहे ती तिथेच.

समजा, एचबीइएजी निगेटिव्ह (विषाणूचं आणखी एक प्रथिन रक्तात नसलेला), जीनोटाइप डी चा रुग्ण इंटरफेरॉन घेतो आहे. सुरुवातीला एचबीएसएजी ८,०००, बाराव्या आठवड्यात ८,१००. रक्तातला विषाणूचा डीएनए ५० लाखांवरून ४ लाखांवर. आकडा उतरलेला दिसतो, पण निकष शंभर पटींनी घटण्याचा आहे आणि एचबीएसएजी तर हललेलंही नाही. दोन्ही गोष्टी अशा असल्या तर पुढच्या ३६ आठवड्यांत गुण येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. ताप, नैराश्य, घसरणारे प्लेटलेट्स एवढंच पदरात पडतं.

अंदाज चुकतात हे खरं, पण कोणत्या बाजूने ते बघा. ‘गुण येईल’ हे भाकीत बऱ्याचदा फसतं. बाराव्या आठवड्याचं ‘येणार नाही’ सहसा फसत नाही. माझा लेख या दुसऱ्या भाकिताबद्दलच होता.

तुमच्या भावाचे रिपोर्ट न बघता तो निर्णय बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही. इंजेक्शनं थांबवल्यावर त्यांना गोळ्या सुरू झाल्या असतील, तर मात्र त्या मनाने बंद करू देऊ नका. विषाणू पुन्हा उसळतो, आणि सिरोसिस असेल तर ते जिवावर बेतू शकतं.