तळं बुजवलं म्हणून जमीन पातळ होत नाही

कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : वरुणतीर्थ, कपिलतीर्थ ही तळी बुजवून शहर वाढलं, कोयनेला मोठा धक्का बसला की हा भराव पाण्यासारखा पातळ होईल, काळी माती तर सगळ्यात आधी, आणि इमारती गडप होतील. उपाय काय, तर दहा फूट दगडी पाया घ्या किंवा बोअरने पाणी उपसा.

‘भराव पातळ होतो.’ सरसकट नाही. त्याला तीन गोष्टी एकाच जागी लागतात : सैल वाळू किंवा गाळवट बारीक माती, तिच्या कणांमध्ये गच्च भरलेलं पाणी, आणि जोराचा, काही वेळ टिकणारा हादरा. हादऱ्याने सैल कण दाटून बसू पाहतात. मधल्या पाण्याला तेवढ्या सेकंदांत निसटायला वाट नसते, त्याचा दाब चढतो आणि वरचं वजन कणांऐवजी पाण्यावर येतं. कण एकमेकांना टेकायचे थांबले की जमिनीची ताकद संपली. 15-20 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून रोलरने दाबलेला मुरूम असं करत नाही. डंपरने ओतून तसाच सोडलेला राडारोडा मात्र कोरडा असला तरी हादऱ्याने खचतो. तो दोष वेगळा, पण भिंती तडकायला पुरेसा.

‘काळी माती आधी.’ नेमकं उलटं. ओल्या मातीची चपटी वडी तळहातावर घ्या आणि त्या हाताला दुसऱ्या हाताने बाजूने टपटप मारा. गाळवट माती असेल तर वडीवर पाणी चमकायला लागतं, बोटांनी दाबलं की आत जिरतं. काळी माती मख्ख राहते, आणि तिची 3 मिलिमीटर जाडीची वळी सहज वळते. जिची वळी वळतच नाही, ती माती संशयाची. काळ्या मातीची खोड फुगण्या-आकसण्याची. तिला भूकंप लागत नाही, एक पावसाळा पुरतो.

‘कोयनेचा धक्का.’ 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सुमारे 6.3 तीव्रतेचा होता. कोयनानगर कोल्हापूरपासून हवाई अंतराने 90 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या भूकंपात जमीन पातळ होण्याचे प्रकार सहसा केंद्रापासून 40-50 किलोमीटरच्या आतच दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात 1989 साली जवळपास 100 किलोमीटरवरून हे घडलं, पण तो भूकंप 6.9 चा, म्हणजे ऊर्जेत आठपट. शिवाय खाली खाडीत ओतलेला सैल वाळूचा भराव. जवळच्या किंवा मोठ्या भूकंपाची शक्यता मात्र सोडून देता येत नाही. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय कोडच्या 2016 च्या नकाशात कोल्हापूर झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे.

‘इमारती गडप होतील.’ जपानमधल्या निगाताला 1964 साली अख्ख्या इमारती कलंडल्या, काही तर जवळजवळ आडव्या झाल्या, पण सांगाडे बरेचसे शाबूत होते. जड वस्तू खचते, कलते. हलकी पोकळ वस्तू उलट वर येते. सेप्टिक टँक आणि मॅनहोल असेच जमिनीबाहेर डोकावतात.

‘दहा फूट पाया, पाण्याचा उपसा.’ फुटांना अर्थ नाही. पाया टणक मुरमावर किंवा खडकावर टेकला का, ते बघायचं. सैल थर खोल असेल तर पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, त्यातून पार नेऊन खडकात रुतवावे लागतात, आणि त्या थराचा आधार हिशेबात शून्य धरावा लागतो. बोअर काळ्या पाषाणातल्या भेगांतलं पाणी ओढतं. वरच्या गाळातलं तिथेच राहू शकतं.

मेसेजमधली खरी गोष्ट एवढीच : जुन्या तळ्याचा गाळ किंवा पंचगंगेकाठचा वाळूचा पट्टा पाण्याखाली सैल पडून असेल, तर तपासायलाच हवं. बोअरमध्ये दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे माती किती घट्ट आहे ते मोजणारी चाचणी, घ्यायची : 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडायचा, पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 ला किती ठोके लागले ते मोजायचे. झोन 3 मध्ये ठोक्यांचा दुरुस्त केलेला आकडा 5 मीटरपर्यंत किमान 15 आणि 10 मीटरपासून खाली किमान 25 असावा, असं 2016 चा कोड सांगतो. बोअर मे महिन्यात घेतलं तर अहवालात पाणी खोल दिसतं. हिशेब ऑगस्टच्या पातळीवर करून मागा.