एक्स्टेन्शन लावल्यावर टाळू दुखणं ही 'सवय' नाही

भाचीचं लग्न पंधरवड्यावर आलंय. केसांना टेपचं एक्स्टेन्शन, म्हणजे गोंदाच्या पट्टीने मुळांजवळ चिकटवलेले जोडकेस, लावून झालंय आणि काल तिने मला एक मेसेज पाठवला: 'एक्स्टेन्शन लावलंय? रात्री हे पाच उपाय करा, पार्लरवाल्या कधीच सांगणार नाहीत.' खाली विचारलंय, "मावशी, करू का गं हे?" मी स्वतः पार्लर चालवते. हाच मेसेज गिऱ्हाइकंही मला दाखवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी तिसरा उपाय घेते, कारण त्याने खरं नुकसान होतं. मेसेज म्हणतो, 'सुरुवातीला टाळू ओढल्यासारखी दुखते, मग सवय होते. रात्री वर घट्ट अंबाडा बांधून झोपा, म्हणजे लवकर बसतं.' हे लिहिणाऱ्याने कुणाच्या कानामागचे केस कधी उचलून पाहिलेत का? मी पाहिलेत. एकीच्या टेपच्या कडेला बारीक लाल पुळ्या होत्या, टेपला तिचे स्वतःचे जेमतेम चार केस धरून होते आणि त्या कुशीवर तिला झोपता येत नव्हतं. तिलाही कुणीतरी 'होईल सवय' असंच सांगितलं होतं.

सतत ओढ बसून केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. हे दुखणं नवं नाही. घट्ट बांधलेल्या केसांमुळे कपाळाची कड मागे गेलेल्या ग्रीनलंडमधल्या बायकांची नोंद १९०७ सालची आहे. ओढ वेळीच थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर केस जिथून उगवतो त्या कूपाच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की एक्स्टेन्शनमुळे दुखत असेल किंवा टाळूची आग होत असेल तर ते ताबडतोब काढून घ्या. त्यावर रात्रीचा घट्ट अंबाडा म्हणजे ओढ आणखी वाढवणं.

पहिला उपाय म्हणतो, 'झोपताना मुळांशी कोमट तेल जिरवा, पोषण मिळून एक्स्टेन्शन आपल्या केसांशी एकजीव होतं.' अहो, ते केस कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवलेले असतात, कितीतरी तर तिरुपतीला वाहिलेले. त्यांना मूळच नाही, मग पोषण पोचणार कुठे? उलट तेलाने टेपचा गोंद सुटतो. टेप काढायला आम्ही वापरतो त्यातली काही रिमूव्हर तेलाचीच असतात. खोबरेल वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने केसातलं प्रथिन कमी झिजतं, हे मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलंय. ती कंपनी तेल विकते हे धरूनही मला ते पटतं. पण ते केसांबद्दल आहे, गोंदाबद्दल नाही. लावायचंच तर दोन थेंब, फक्त टोकांना.

दुसरा उपाय, ओल्या केसांची वेणी घालून झोपायचं. सकाळी लाटा पडतात, हे खरं. पण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, टेपखाली टाळू रात्रभर दमट राहते, आणि मुळाशी गुंता होऊन जट बसली की बऱ्याचदा कात्रीच लावावी लागते. (अशी जट दिसली की अजूनही कुणी देवीचं नाव काढतं. अंनिसच्या कार्यकर्त्या गावोगावी त्या जटा सोडवतात, त्यांना विचारा.)

चौथा उपाय सांगतो, की क्लिपचं एक्स्टेन्शन रात्री काढलं नाही तरी चालतं. नाही चालत. हळदीच्या रात्री कितीही दमलात तरी क्लिपा काढूनच आडवं व्हायचं.

पाचवा, रेशमी अभ्रा. हा बरोबर आहे, सुती अभ्र्यावर केस जास्त घासले जातात. सॅटिनचाही चालेल. पण 'अभ्रा असला की वेणीची गरज नाही' हे पुढचं वाक्य सोडून द्या. लांब केस मोकळे सोडून झोपलं तर रेशमावरही गुंततातच.

तर बाळा, तू एवढंच कर. केस मुळापर्यंत कोरडे झाल्याशिवाय झोपू नकोस. टेपजवळ केस एका हाताने धर आणि टोकांकडून वर वर येत विंचर. मानेशी सैल वेणी घाल, तिला कापडी रबर लाव. आणि कुठेही दुखायला लागलं तर लग्न होऊ दे म्हणून थांबू नकोस, त्याच दिवशी ये. तेवढी टेप काढून टाकू. एक टेप कमी आहे हे मांडवात कुणाच्या लक्षातही येणार नाही.