क्लोन केला म्हणून गेलेला कुत्रा 'परत' येत नाही

ताईचा कुत्रा गेला आणि लगेच कुणीतरी तिला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला, की क्लोनिंगने तुमचा लाडका प्राणी जसाच्या तसा परत मिळतो, तुम्हाला ओळखतोसुद्धा, सगळं लॅबमध्ये होतं म्हणून कुणालाच त्रास नाही, क्लोन ठणठणीत असतात आणि आता कुठलीच प्रजाती नामशेष होणार नाही. ताई खरंच पैशांची जुळवाजुळव करायला लागलीय, म्हणून हे लिहितेय.

जसाच्या तसा? कातडीच्या तुकड्यातल्या पेशीचं केंद्रक (ज्यात डीएनए असतो) घेतात, दुसऱ्या मादीच्या अंडपेशीतलं केंद्रक काढून तिथे हे बसवतात, विजेचा हलका झटका देतात आणि भ्रूण तयार झाला की तो एखाद्या मादीच्या गर्भाशयात सोडतात. जन्माला येतं ते नवं पिल्लू. आठवणी कातडीत नसतात, मग ते ताईला ओळखणार कुठून? अहो, रंगाचीसुद्धा खात्री नाही! २००१ मध्ये टेक्सासला सीसी नावाचं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, जिच्यापासून केलं ती रेनबो पांढऱ्या-काळ्या-केशरी रंगांची होती, आणि सीसीच्या अंगावर केशरी रंगच नाही. मादीच्या पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं, इथे केशरी रंगाचं जनुक असलेलंच बंद राहिलं. डीएनए तोच, मांजर वेगळंच.

'कुणालाच त्रास नाही' वाचून तर डोकंच फिरलं. डॉली मेंढीच्या, म्हणजे प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन झालेल्या पहिल्या सस्तन प्राण्याच्या वेळी २७७ अंडपेशींवर प्रयोग झाले, २९ भ्रूण मेंढ्यांच्या पोटात ठेवले, जन्मली एकटी डॉली. तंत्र सुधारलंय, पण आजही बरेचसे भ्रूण टिकत नाहीत, गर्भपात होतात, गाईंमध्ये तर वासरू पोटातच अवाढव्य वाढतं आणि विताना गाईचे हाल होतात. अंडपेशी देणाऱ्या, गर्भ वाढवणाऱ्या या माद्यांचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

ठणठणीत असतात हे अर्धं मान्य करावं लागेल. डॉली क्लोन होती म्हणून लवकर गेली असं लोक म्हणतात ते खरं नाही, तिला विषाणूमुळे होणारा फुप्फुसाचा ट्यूमर होता. २०१६ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञानपत्रिकेत ७ ते ९ वर्षांच्या १३ क्लोन मेंढ्यांचा अभ्यास आला, त्यातल्या चार ज्या पेशींपासून डॉली झाली त्याच पेशींपासूनच्या, आणि सगळ्या वयाच्या मानाने चांगल्या निघाल्या. पण तपासल्या त्या जगलेल्या, जन्माआधीच गेल्या त्यांचं काय?

प्रजातींचं म्हणाल तर १९८८ मध्ये गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये काळ्या पायाचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, अमेरिकेतला दुर्मिळ शिकारी प्राणी) जन्मलं, हरवलेली जनुकीय विविधता परत आणायला हे मोलाचं आहेच. पण ही फेरेट ज्या प्रेअरी डॉगवर (नावात डॉग असलं तरी हा खारीच्या जातीचा प्राणी) जगतात तेच उरले नाहीत, तर क्लोन सोडणार कुठे?