सेल्फ नाही मारला म्हणजे बॅटरीच गेली? असं नसतंय ओ

पाऊस लागला की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतोय, यंदा पण आलाय. म्हणणं असं : गाडी सुरू झाली नाही तर बॅटरी गेली, नवीन टाका. हॉर्न वाजला तर बॅटरी चांगली, मग सेल्फ मोटर (इंजिन फिरवून सुरू करणारी) गेली. डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, बघायचा तर चालू गाडीत बॅटरीची वायर काढा. आणि कायच नाही जमलं तर धक्का मारा, कुठलीपण गाडी सुरू होते. चारातलं एकपण धड नाही.

"बॅटरीच गेली" हे आधी बघू. किल्ली फिरवल्यावर आवाज काय येतोय ते ऐका की राव. कट-कट-कट असा भराभर आवाज आला तर करंट कमी पडतोय, पण तो बॅटरीत कमी आहे का वाटेत अडतोय हे अजून कळलेलं नाही. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरीला लावा, रात्रभर थांबलेल्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा आणि मग बोला. दिवा रात्रभर चालू राहिल्यामुळं उतरलेली बॅटरी मेलेली नसते.

आणि वाटेत अडतोय म्हणजे कुठं? जांबोटी-कणकुंबीकडच्या ओलीत राहणाऱ्या गाड्यांचं टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात ती जागा, बघा, पांढरी-हिरवी पूड धरलेली असते, कधी कधी वरून चकचकीत आणि हातानं पिळलं की गर्रकन फिरतंय. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून धुवा, वाळवा, घट्ट आवळा, बऱ्याच गाड्या तिथंच सुरू होतात. काढताना मायनस आधी काढायचं, लावताना शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. टिळकवाडीत आमच्या शेजाऱ्यांना दुकानदारानं नवीन बॅटरी घातली, आठवडा नाही झाला तर परत तेच, शेवटी निघालं काय तर बॅटरीच्या मायनसकडून इंजिनला येणारी अर्थिंगची वायर बोल्टाखाली कुजलेली. हे घरी पण सापडतं, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थिंग खराब, बॅटरीला कशाला शिव्या घालताय.

हॉर्नचं तर सोडूनच द्या. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फ मोटरला शंभरच्या वर, डिझेलला त्याहून जास्त. अर्धमेली बॅटरी हॉर्न मजेत वाजवते. त्यापेक्षा हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. लाइट जशीच्या तशी आणि आवाज कायच नाही, तर रिले, फ्यूज, क्लचचा स्विच, सोलेनॉइड (सेल्फ मोटरला करंट जोडणारा स्विच) हे बघायचं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का ते आधी. आणि सेल्फ धडाधड फिरतोय पण इंजिन पकडत नाही, त्यात बॅटरीचा दोष सहसा नसतो, डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय का बघा, इमोबिलायझरला (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखू येत नसेल, दुसरी किल्ली लावून बघा. उंदरानं इंधनाच्या पंपाची वायर कुरतडलेली असणं पण आपल्याकडं नवीन नाही.

चालू गाडीत वायर काढायचा सल्ला मात्र डोकं फिरवणारा आहे. बॅटरी बाजूला झाली की डायनॅमोचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडू शकतो, जुन्या अँबेसेडरच्या काळातली ही युक्ती आताच्या गाडीत करायची नाही. गाडी चालू ठेवून नुसता मीटर लावा, साधारण 13.8 ते 14.5 आला तर डायनॅमो चार्ज करतोय.

राहिला धक्का. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. मॅन्युअल होते, पण बॅटरी पार शून्यावर असेल तर पेट्रोलचा पंप आणि इसीयूच जागे होत नाहीत, मग काकती ते हत्तरगी ढकलत न्या, फरक पडत नाही.